परक्याची ओळख : मराठी चित्रपटांतील दोन जखमी जीवांची कथा

१

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याने निघालेल्या प्रवाशाला सुमारे बारा किलोमीटरांवर कर्नाळ्याचा सुळका दिसू लागतो. किल्ल्याच्या माथ्यावरचा हा सव्वाशे फुटांचा उभा पाषाण दुरून अंगठ्यासारखा भासतो. पायथ्याच्या अरण्याला १९६८ साली पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि तेव्हापासून कर्नाळा म्हटले की सामान्यतः पक्षीच आठवतात. मराठी वाङ्मयाच्या आणि चित्रपटाच्या अभ्यासकाला मात्र या सुळक्याकडे पाहताना पक्ष्यांच्या आधी त्यावरची मधमाश्यांची पोळी आठवावीत. गो. नी. दांडेकरांनी 'जैत रे जैत' या आपल्या कादंबरीची भूमी म्हणून जो परिसर निवडला तो हाच. कथेतील लिंगोबाचा डोंगर आणि त्याच्या आश्रयाने राहणारे ठाकर इथलेच. १९७७ साली जब्बार पटेल यांनी या कादंबरीवरून त्याच नावाचा चित्रपट काढला.

एक डोळा गमावलेला पुरुष आणि नको असलेला संसार मागे टाकून आलेली स्त्री यांची ती कथा आहे. दोघांच्याही वाट्याला काहीतरी हरवणे आलेले आहे आणि त्या हरवण्यासह ती एकमेकांना भेटतात. अशा कथेचा चित्रपट पाहिल्यावर आपल्याकडील विद्यार्थी पुष्कळदा विचारतात, की दोन अपरिचित, दुखावलेली माणसे आणि त्यांना जोडणारे प्रेम हा विषय मुळात पाश्चात्त्य नव्हे काय? आपल्या कथांत नायक-नायिका भेटतात त्या घरच्या, गावच्या वा नात्यातल्या. परका मनुष्य आपल्या प्रेमकथेत येतो तो खलपुरुष म्हणूनच. हा आक्षेप एकदम झटकून टाकण्याजोगा नाही, कारण त्यात थोडे तथ्य आहे. पण त्याचे उत्तर इतिहासात शोधावयास हवे. प्रस्तुत लेखात १९३९ ते २०१६ या काळातील पाच मराठी चित्रपटांच्या आधारे ते शोधण्याचा प्रयत्न केला आहे.

माझे प्रतिपादन थोडक्यात असे, की हा विषय मराठी चित्रपटात उसना आलेला नाही. बोलपटाच्या पहिल्या दशकातच तो येथे रुजला. पुढील पाऊणशे वर्षांत जो बदल झाला तो विषयात झाला नसून जखमेच्या वाटणीत झाला आहे. प्रारंभी जखम एकाची असते आणि दुसरा तिच्यावर उपकार करतो किंवा तिच्यासाठी खर्ची पडतो. दोघांच्याही जखमा कथेने सारख्याच मानाने ओळखाव्यात ही गोष्ट फार उशिरा घडली, आणि ती घडेपर्यंतची किंमत बहुतेक वेळा स्त्रीने भरली आहे.

२

पुढे जाण्यापूर्वी चार शब्दांकडे लक्ष वेधतो. भाषेच्या अभ्यासकाची ही खोड आहे असे वाटल्यास समजावे. पण या शब्दांनी पुढील विवेचनाची सोय होणार आहे.

शरीराला वा मनाला झालेल्या इजेसाठी मराठीत 'घाव', 'जखम', 'व्रण' आणि 'सल' असे चार शब्द नित्य वापरात आहेत. 'घाव' हा संस्कृत 'घात' शब्दापासून प्राकृतातून आला, 'जखम' फारसीतून आली, 'व्रण' संस्कृतातून जसाच्या तसा घेतला आणि 'सल' हे 'शल्य' शब्दाचे घासून गुळगुळीत झालेले रूप आहे. चौघांची कुळे वेगळी असली तरी त्यांनी आपसांत काम कसे वाटून घेतले आहे ते पाहण्यासारखे आहे. घाव ही घटना आहे. तो बसतो किंवा घालतात. जखम ही अवस्था आहे. ती वाहते, चिघळते, भरून येते. व्रण ही खूण आहे. जखम बरी झाल्यावरही तो राहतो. सल मात्र बाहेरून दिसत नाही. काटा आत मोडून राहिला आहे हे ज्याचे त्यालाच ठाऊक असते. म्हणूनच आपण 'जखम दाखव' म्हणतो, पण 'सल दाखव' असे कोणी म्हणत नाही. सल बोलून दाखवावा लागतो आणि तो ऐकणारा कोणी भेटावा लागतो.

दुसरा शब्द 'ओळख'. जिची ओळख नाही ती व्यक्ती अनोळखी, म्हणजेच परकी. पण मराठीत 'ओळख' या एका शब्दात तीन अर्थ नांदतात. परिचय ही ओळख, पाहिलेल्या माणसाला पुन्हा पाहून जाणणे हीही ओळख, आणि माणूस स्वतः कोण आहे हे सांगणारी तीही ओळखच. ज्या चित्रपटांचा येथे विचार करावयाचा आहे त्यांत हे तीनही अर्थ एकाच वेळी पणाला लागतात. दोन परकी माणसे परिचित होतात, एकमेकांची जखम जाणतात आणि त्यातून आपण कोण आहोत हे त्यांना नव्याने ठरवावे लागते. तिसरा अर्थ सर्वांत अवघड आहे, कारण तेथे समाज मध्ये येतो.

३

पहिला चित्रपट 'माणूस'. प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली आणि १९३३ साली तिने आपला कारभार पुण्यास हलविला. तेथेच १९३९ मध्ये व्ही. शांताराम यांनी 'माणूस' हा चित्रपट आणि 'आदमी' हे त्याचे हिंदी रूप तयार केले. गणपत हा साधा पोलीस शिपाई आणि मैना ही देहविक्रयाच्या वस्तीतील स्त्री, ही त्यातील प्रमुख पात्रे शाहू मोडक आणि शांता हुबळीकर यांनी साकारली. छाप्याच्या वेळी गणपत मैनेला वाचवितो, तिच्यावर त्याचे प्रेम जडते, तिला त्या जीवनातून बाहेर काढून तिच्याशी लग्न करावे असे त्याला वाटते. परंतु मैनेचा भूतकाळ तिचा पाठलाग सोडीत नाही. शेवटी तिला नाडणाऱ्या मामाचा तिच्या हातून खून होतो, ती तुरुंगात जाते आणि गणपत सोडवावयास तयार असताही सुटण्यास नकार देते.

या चित्रपटामागे एक वाद होता हे ध्यानात ठेवावयास हवे. १९३५ साली प्रमथेश बरुआ यांचा 'देवदास' पडद्यावर आला आणि प्रेमभंग झालेला, मद्यात बुडून मरणारा नायक देशभर लोकप्रिय झाला. त्या निराशेला उत्तर म्हणून शांतारामांनी 'माणूस' उभा केला, असे चित्रपटाचे इतिहासकार सांगतात. प्रेम हरवले म्हणून मनुष्याने मरून जाऊ नये, कर्तव्यास लागावे, हा त्याचा आशय. म्हणजे दुःखी जीवांची कथा कशी सांगावी यासंबंधीचा विचार १९३९ मध्येच येथे चालू होता. तो बाहेरून शिकण्याची वेळ आली नव्हती.

तथापि 'माणूस'मधील जखमेची वाटणी विषम आहे. गणपत जखमी नाही. त्याला नोकरी आहे, घर आहे, देवभोळी आई आहे. जखम सारी मैनेची. तो तिला हात देतो तो वरून, काठावर उभे राहून. मैनेच्या तोंडी या चित्रपटात अनेक भारतीय भाषांत फिरणारे एक गाणे घातले आहे. गिऱ्हाईक ज्या प्रांताचे त्या प्रांताची भाषा तिच्या गळ्यातून निघते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याने हा प्रसंग अवश्य पाहावा. सगळ्यांची भाषा जिला बोलता येते तिच्या मनातला सल ऐकावयास मात्र एकच मनुष्य भेटतो, आणि तोही तो ऐकतो उद्धारकाच्या भूमिकेतून. गणपतच्या आईसमोर उभी राहताना मैनेला आपली अपात्रता जी जाणवते ती येथूनच येते. ओळखीचा तिसरा अर्थ येथे आडवा आला आहे. गणपतने तिला ओळखले, पण सून म्हणून तिची ओळख तिला स्वतःलाच पेलत नाही. तिने तुरुंग पत्करणे हा तिचा मोठेपणा म्हणून चित्रपटात दाखविला आहे, आणि तो आहेही. पण कर्तव्यास लागण्याची वाट गणपतला मोकळी राहिली आणि मैनेला राहिली नाही, ही गोष्ट त्या मोठेपणाआड लपू देता कामा नये.

योगायोगाची गोष्ट अशी, की त्याच १९३९ साली विश्राम बेडेकरांची 'रणांगण' ही कादंबरी प्रसिद्ध झाली. ती चित्रपट नव्हे, पण तिचा लेखक चित्रपटाशी निकटचा संबंध असलेला होता. १९४४ च्या 'रामशास्त्री'च्या तीन दिग्दर्शकांत बेडेकर एक होते. युरोपातून पूर्वेकडे येणाऱ्या बोटीवर प्रेमभंग सोसलेला चक्रधर विध्वंस आणि नाझी जर्मनीतून निघालेली हॅर्टा ही ज्यू तरुणी भेटतात. दोघांनीही आधी कोणाला तरी गमावले आहे. दोघांची मातृभाषा एक नाही, देश एक नाही, मुक्काम एक नाही. 'माणूस'मध्ये जी विषमता होती ती येथे भेटीच्या क्षणी तरी नाही. बोटीवर दोघेही सारखेच निराधार आहेत. विषमता येते ती बंदरात. चक्रधरला उतरावयास मुंबई आहे, हॅर्टाला उतरावयास कोणताच किनारा नाही. मराठीत दोन जखमी परक्यांची कथा इतक्या पूर्णतेने १९३९ मध्ये लिहिली गेली, हे आक्षेपकांनी विसरू नये. पडद्याला मात्र तितके पुढे यावयास फार वर्षे लागली.

४

मध्यंतरीच्या काळात जगात या विषयाचे दोन महत्त्वाचे चित्रपट झाले आणि तुलनेसाठी ते उपयोगी आहेत. १९५९ साली आलँ रेने यांनी मार्गरीत द्युरास यांच्या पटकथेवरून 'हिरोशिमा मों आमूर' काढला. तीतील फ्रेंच नटीचा जर्मन प्रियकर युद्धात मारला गेला आहे आणि जपानी वास्तुशिल्पज्ञाचे शहरच बाँबने नष्ट झाले आहे. संपूर्ण चित्रपटात दोघांना नावे नाहीत. शेवटी ती त्याला हिरोशिमा म्हणते आणि तो तिला नव्हेर, म्हणजे तिच्या गावाच्या नावाने हाक मारतो. ज्या ठिकाणी जखम झाली तेच माणसाचे नाव ठरते. १९६६ साली क्लोद ललूश यांच्या 'एक पुरुष आणि एक स्त्री' या चित्रपटास कान येथे सर्वोच्च पारितोषिक मिळाले. त्यात एक विधवा आणि एक विधुर मुलांच्या वसतिशाळेत भेटतात. गेलेल्या जोडीदाराची आठवण त्यांच्या जवळ येण्यात अडसर होते, आणि तोच अडसर त्यांचा समान धागाही असतो.

या दोन्ही चित्रपटांत जखमेची वाटणी समान आहे, आणि त्यामागचे कारण वाङ्मयीन असण्यापेक्षा ऐतिहासिक आहे असे मला वाटते. महायुद्धाने युरोपात प्रत्येक घरातून कोणीतरी नेले होते. तेथे उद्धारक म्हणून उभा राहण्याजोगा अक्षत मनुष्यच उरला नव्हता. आपल्याकडे जखम सर्वत्र सारखी पोहोचत नव्हती. ती जात, लिंग, दारिद्र्य आणि देवाधर्माच्या नावे चालणारी प्रथा यांच्या वाटांनी जात होती. त्यामुळे आपल्या चित्रपटात जखमी कोण आणि धडधाकट कोण हा प्रश्न प्रेमकथेच्या आत शिरणे अपरिहार्य होते. ही उणीव नव्हे. आपल्या विषयाचे हे वैशिष्ट्य आहे.

५

आता पुन्हा कर्नाळ्याकडे वळू. 'जैत रे जैत'मधील नाग्या हा भगताचा मुलगा, ढोल वाजविण्यात निपुण. लिंगोबाच्या डोंगरावरील राणी माशीचे दर्शन पुण्यवंतालाच होते, ही समजूत त्याच्या मनात रुजलेली आहे आणि पुण्यवंत होणे हा त्याचा ध्यास आहे. तो डोंगरावर जातो, माश्या त्याच्यावर तुटून पडतात, त्याचा एक डोळा जातो. गेला तो केवळ डोळा नव्हे. पुण्याने वागणाऱ्याला देव असे फळ देतो, हे त्याला सोसत नाही. श्रद्धेच्या जागी सूड येतो. चिंधीची कथा वेगळी आहे. नवरा निकामी आहे, संसारात राम नाही, हे ओळखून ती तो मोडते, आणि नाग्यावर मन जडल्यावर उघडपणे त्याच्याकडे येते. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांनी या भूमिका केल्या. ना. धों. महानोरांची गीते आणि हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत यांनी सारी कथा गाण्यांतून पुढे नेली. मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्यास राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. शेवटी नाग्या आणि चिंधी मिळून डोंगरावरची पोळी पाडतात. जैत होते, म्हणजे जय होतो. पण माश्यांच्या दंशांनी चिंधी मरते.

चिंधी ही मराठी पडद्यावरील अत्यंत स्वतंत्र स्त्रियांपैकी एक आहे याविषयी दुमत होऊ नये. मैनेला ज्या लाजेने ग्रासले तिचा लवलेशही चिंधीत नाही. तिला कोणी उद्धरलेले नाही. तिने स्वतःला सोडवून घेतले आहे. ठाकरांच्या समाजात स्त्रीला काडीमोडाची जी मोकळीक आहे तिचाही येथे आधार आहे. मध्यमवर्गीय मराठी चित्रपटाला जे १९७७ मध्येही सहज दाखविता आले नसते ते दांडेकरांच्या ठाकरवाडीमुळे दाखविता आले. तेव्हा जखमेच्या वाटणीचा प्रश्न येथे सुटला असे प्रथमदर्शनी वाटते.

परंतु बारकाईने पाहिले म्हणजे निराळे दिसते. नाग्याच्या जखमेला या कथेत अख्खा डोंगर मिळाला आहे. तिला कारण आहे, शत्रू आहे, देवाशी भांडण आहे, शेवटी विजयही आहे. चिंधीची जखम, म्हणजे फुकट गेलेली वर्षे आणि नको असलेल्या माणसाबरोबरचा संसार, तिने घर सोडताच कथेतून नाहीशी होते. जणू काही सुटका झाली की सलही निघून जातो! त्यानंतर चिंधी आहे ती नाग्याच्या सुडाची सोबतीण म्हणून. नाग्याचा डोळा गेला तो व्रण प्रत्येक दृश्यात आपल्यासमोर असतो. चिंधीचा सल विचारणारा कोणी भेटत नाही, नाग्याही नाही. तिचे नावच 'चिंधी' आहे. जखमेवर बांधावयाच्या फडक्यालाही मराठीत तोच शब्द आहे, हे दांडेकरांनी हेतूने योजले असे मी म्हणणार नाही. आदिवासी आणि कष्टकरी घरांत अशी नावे सर्रास ठेवली जात. पण कथेने तिला जे काम दिले ते मात्र तेच आहे.

यावर असा प्रतिवाद होईल, की चिंधी स्वखुशीने डोंगर चढली, तिला कोणी नेले नाही. तेव्हा तिला खर्ची घातले असे कसे म्हणता येईल? प्रतिवाद रास्त आहे. किंबहुना तिच्या स्वेच्छेमुळेच शेवट इतका विदारक होतो. नाग्याला जे हवे होते ते मिळाले आणि ज्याच्यामुळे जगणे गोड झाले असते ते गेले, हे चित्रपटाला ठाऊक आहे. म्हणून त्या जैतात आनंद नाही. सूड हा जखमेवरचा उपाय नव्हे, हे 'जैत रे जैत' निःसंशय सांगतो. पण ते सांगण्यासाठी पुन्हा स्त्रीचाच जीव लागला. 'माणूस'मध्ये स्वातंत्र्य गेले, येथे प्राण गेला. अडतीस वर्षांत कथेची भाषा बदलली, भूमी बदलली, स्त्री बदलली, हिशेब मात्र तोच राहिला.

६

हा हिशेब बदलला तो राजीव पाटील यांच्या 'जोगवा' या चित्रपटात. राजन गवस यांच्या 'चौंडकं' आणि 'भंडारभोग' या कादंबऱ्या आणि चारुता सागर यांची 'दर्शन' ही कथा यांच्या आधारे तो रचला आहे. २००८ सालच्या राष्ट्रीय पुरस्कारांत त्यास सामाजिक प्रश्नावरील चित्रपटाचा पुरस्कार आणि उपेंद्र लिमये यांना अभिनयाचा पुरस्कार मिळाला. प्रेक्षकांसमोर तो २००९ मध्ये आला. कथेची भूमी महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरची, यल्लम्माच्या भक्तिपरंपरेची. सुलीच्या केसांत जट निघते आणि तिला देवीला सोडले जाते. तायप्पाला जोगता करून लुगडे नेसविले जाते. मुक्ता बर्वे आणि उपेंद्र लिमये यांच्या या भूमिका आहेत.

येथे दोघांवरचा घाव एकच आहे आणि तो घालणारा हातही एकच. दोघांचीही संमती कोणी विचारलेली नाही. दोघांची पहिली ओळख पुसून त्यांना दुसरी दिली आहे, आणि ती दिली आहे आईबापांच्या, गावाच्या, देवीच्या नावाने. त्यामुळे कोणी कोणाचा उद्धार करण्याचा प्रश्नच उरत नाही. तायप्पाला वाचवावयास सुली आणि सुलीला वाचवावयास तायप्पा याखेरीज तिसरा कोणी नाही. विशेष असे, की पुरुषाची जखम येथे त्याच्या पुरुषपणावरचीच आहे. गणपत आणि नाग्या यांना जे सांभाळावे लागले नाही ते तायप्पाकडून काढून घेतले गेले आहे. स्त्रीचे वस्त्र ही ज्याला शिक्षा म्हणून मिळाली त्याला स्त्रीच्या वाट्याचे जिणे पुरुष असून कळले, आणि त्या कळण्यावर हे प्रेम उभे आहे. दोघे ती बंधने झुगारतात. दोघेही जिवंत राहतात.

कायद्याचा इतिहास येथे जोडून पाहावा. देवदासींच्या संरक्षणाचा पहिला कायदा मुंबई इलाख्यात १९३४ साली झाला, कर्नाटकाने १९८२ मध्ये बंदी घातली आणि महाराष्ट्राचा निर्मूलनाचा कायदा २००५ सालचा. म्हणजे 'माणूस' निघाला तेव्हा पहिला कायदा पाच वर्षांचा होता. तरीही देवीला सोडलेल्या स्त्रीची आणि जोगत्याची प्रेमकथा पडद्यावर यावयास आणखी सत्तर वर्षे लागली. कायद्याने प्रथा गुन्हा ठरते. पण त्या प्रथेत सापडलेला मनुष्य प्रेमास पात्र आहे हे ओळखण्याचे काम कायद्याचे नव्हे. ते कथेला करावे लागते आणि कथा त्याला बराच वेळ लावते.

७

यापुढचा टप्पा सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा. तेथे प्रेम हा शब्दच स्त्रीपुरुषांच्या ओढीपलीकडे जातो. 'अस्तु' (२०१३) या चित्रपटात चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे वृद्ध विद्वान स्मृतिभ्रंशाने ग्रासलेले आहेत. एकदा रस्त्यात दिसलेल्या हत्तीमागे ते निघून जातात आणि माहुताच्या कुटुंबापर्यंत पोहोचतात. माहुताची बायको चन्नम्मा कानडी बोलणारी, गरीब, पदरी लेकरू असलेली. शास्त्रीबोवा तिला आई म्हणू लागतात, आणि ती त्यांना लेकराप्रमाणे सांभाळते. चन्नम्माच्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाले.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने हा प्रसंग मोलाचा आहे. आयुष्यभर शब्दांत राहिलेल्या माणसाचे शब्द एकेक करून गळून गेले आहेत. परक्या स्त्रीला द्यावयास त्याच्याजवळ जे संबोधन उरते ते पहिले शिकलेले संबोधन. ते वयाला, जातीला, विद्येला आणि व्यवहाराला सोडून आहे. नात्याचे शब्द आपण रक्ताच्या नात्यावरून वापरतो, अशी आपली समजूत. येथे शब्द आधी येतो आणि नाते त्यामागून. चन्नम्मा तो शब्द स्वीकारते तेव्हा दोन भिन्न भाषा बोलणाऱ्यांत जी ओळख होते तिला कोणत्याही समारंभाची गरज पडत नाही. मैनेला सून हे नाव पेलले नव्हते. चन्नम्माला आई हे नाव सहज पेलते, कारण ते तिला समाजाने देऊ केलेले नाही.

'कासव' (२०१६) या चित्रपटास त्या वर्षीचे राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळाले. १९५३ च्या 'श्यामची आई'ला मिळालेल्या पहिल्या सन्मानापासून मराठी चित्रपटास तो मोजक्याच वेळा लाभला आहे. जानकी ही स्त्री स्वतः नैराश्याच्या विकारातून जात असलेली. आत्महत्येचा प्रयत्न केलेला एक तरुण तिला वाटेत आजारी अवस्थेत सापडतो आणि ती त्याला कोकणातल्या समुद्रकाठच्या घरी घेऊन येते. इरावती हर्षे आणि आलोक राजवाडे यांच्या या भूमिका. तेथे कासवांच्या अंड्यांचे रक्षण करण्याचे काम चालले आहे. कासवाची मादी वाळूत अंडी घालून समुद्रात परत जाते. पिले बाहेर येतात तेव्हा आई जवळ नसते. म्हणून कोणा परक्याला त्या अंड्यांवर पहारा ठेवावा लागतो. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे गावकऱ्यांनी हे काम प्रत्यक्षात केले आहे. पहारा करणारा पिलांना समुद्रापर्यंत वाट देतो, उचलून समुद्रात टाकीत नाही.

जानकी तेच करते. ती तरुणाला उपदेश करीत नाही, त्याला तिच्या उपकाराखाली ठेवीत नाही. ती तसे करू शकते याचे कारण ती धडधाकट नाही. आपला सल तिला ठाऊक आहे, म्हणून दुसऱ्याचा सल उघडून पाहण्याची घाई तिला होत नाही. गणपतने मैनेला दिलेला हात आणि जानकीने या मुलाला दिलेला आसरा यांतील अंतर म्हणजेच प्रस्तुत इतिहास. १९३९ मध्ये सोडविणारा बाहेर उभा होता. २०१६ मध्ये तो त्याच पाण्यात आहे.

एक योगायोग नोंदवून ठेवतो. कर्नाळ्याच्या सुळक्याखाली नाग्या झालेले मोहन आगाशे हेच 'अस्तु'मधील शास्त्री आणि 'कासव'मधील कासवांचे रक्षण करणारे दत्ताभाऊ. ते व्यवसायाने मानसोपचारतज्ज्ञ आहेत आणि 'कासव'च्या निर्मितीतही त्यांचा वाटा होता. जखमेचा सूड घेणाऱ्या नाग्यापासून अंड्यांवर पहारा देणाऱ्या वृद्धापर्यंतचा हा प्रवास एकाच नटाच्या देहातून झाला आहे.

८

निष्कर्ष मांडताना दोन सावधगिरीच्या सूचना देणे अवश्य आहे. पाच चित्रपटांवरून साऱ्या मराठी चित्रपटाचा स्वभाव सांगू नये. ही निवड विषयाच्या अनुषंगाने केली आहे. शिवाय उत्तरकालीन चित्रपट नीतीने पुढारलेला म्हणून कलेनेही सरस, असा अर्थ कोणी काढू नये. 'जैत रे जैत'मधील गाण्यांनी जे उभे केले ते पुढे कोणास जमले असे मला वाटत नाही.

एवढे मान्य करूनही मूळ आक्षेपाचे उत्तर देता येते. परक्या जखमी माणसांची कथा मराठीला परकी नाही. १९३९ साली एकाच वर्षात ती पडद्यावर आणि कादंबरीत अवतरली. बाहेरून घ्यावयाचे राहिले असेल तर ते एवढेच, की दोघांचीही जखम मोजावी. तेही आपण शेवटी युरोपकडून घेतले नाही; सीमाभागातील जोगत्यांच्या, कानडी बोलणाऱ्या माहुताच्या आणि कोकणातल्या वाळूच्या कथांतून ते आपल्याला येथेच सापडले.

पदव्युत्तर विद्यार्थ्यांसाठी यात पुष्कळ काम शिल्लक आहे. या पाचही चित्रपटांचे संवाद शब्दशः उतरवून काढावेत आणि दोन परकी माणसे एकमेकांना कोणत्या क्षणी 'तुम्ही'वरून 'तू'वर येतात, कोण आधी येतो, नाव घेऊन हाक केव्हा मारली जाते, याचे कोष्टक करावे. संबोधनाचा असा इतिहास मराठीत व्हावयास हवा. दुसरे काम पायांनी करावयाचे आहे. कर्नाळ्याच्या आसपासच्या ठाकरवाड्यांत जाऊन, त्यांच्या बोलीत, तेथील वृद्ध स्त्रियांना चिंधीची गोष्ट सांगावी आणि त्यांचे म्हणणे टिपून घ्यावे. दांडेकरांनी, पटेलांनी आणि आता मी तिच्याविषयी जे काही म्हटले ते सर्व बाहेरून आलेल्यांचे म्हणणे आहे. संसार मोडून निघालेल्या बाईच्या मनात पुढे काय राहते, हे त्या वाड्यांतील स्त्रियांना विचारल्यावाचून 'जैत रे जैत'वरचा शेवटचा शब्द लिहिला गेला असे आपण समजू नये.